हे वाक्य कुणाचं? मिस्सातलं गाणं, भाविक आणि गायकवृंद

प्रश्न थोडक्यात असा. गेल्या काही वर्षांत गायकवृंद मेहनतीनं तयार झाला, आता चार आवाजांत (एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत) गातो, सणाच्या मिस्सानंतर (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची ख्रिस्तप्रसादाची उपासना) लोक येऊन कौतुक करून जातात. पण बाकांवरून गाण्याचा आवाज येईनासा झालाय. नवे फादर म्हणतात, लोकांनी गायलंच पाहिजे, ती चार आवाजांची गाणी थांबवा. गायक दुखावलेत. आणि विचारणाऱ्या ताईंना कळत नाहीये की ख्रिस्तसभेला, म्हणजे कॅथलिक चर्चला, नेमकं हवंय काय: लोकांचं गाणं की चांगलं गाणं?

मी तीसेक वर्षं मिस्साला ऑर्गन वाजवतेय, त्यातली वीसेक वर्षं गायकवृंदही सांभाळतेय. तुमच्या फादरांची बाजू मी एके काळी हिरिरीनं मांडलीय आणि तुमच्या गायकांचीही. दोन्ही वेळा निम्मी चुकले. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी एक सवय बाजूला ठेवा. आपण मिस्साची तयारी करताना चार रिकाम्या जागा मांडतो: प्रवेश, अर्पण, कम्युनियन (पवित्र केलेली भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेण्याची वेळ), शेवट. मग त्या चार जागांत कोणती गाणी घालायची आणि ती कुणी गायची यावर वाद घालतो. पण रोमन विधीत, म्हणजे आपल्या उपासनापद्धतीत, गाण्याचा जीव या चार जागांत नाहीच. मिस्साच्या ग्रंथाला जी सर्वसाधारण मार्गदर्शिका जोडलेली असते, तिचा ४० वा परिच्छेद सांगतो की काय गायचं हे ठरवताना अधिक महत्त्वाच्या भागांना पहिली पसंती द्या, विशेषतः धर्मगुरू किंवा वाचक गातात आणि लोक उत्तर देतात अशा भागांना. म्हणजे अभिवादन आणि त्याचं उत्तर, आलेलूया, 'पवित्र, पवित्र', ख्रिस्तप्रसादाच्या प्रार्थनेअखेरचं मोठं आमेन. हे संवाद आहेत. नाटकात दुसऱ्या पात्राचं वाक्य आपण कितीही सुरेख म्हणू शकत असलो तरी म्हणत नाही. मिस्सातही प्रत्येक गायनभागाला मला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: हे वाक्य कुणाचं? तो विचारला की 'लोक की गायकवृंद' हे भांडण तुकड्यातुकड्यानं सुटत जातं. अख्खं एकदम कधीच सुटत नाही.

भांडण जुनं आहे, हे गायकांना सांगा, त्यांना जरा बरं वाटेल. चौथ्या शतकातल्या लाओदिकियाच्या धर्मसभेनं नियमच केला होता की नेमलेल्या गायकांखेरीज कुणी चर्चमध्ये गाऊ नये. त्याच शतकात, ३८६ साली, मिलानमध्ये बिशप अंब्रोज यांना त्यांच्या बॅसिलिकेत (मोठ्या चर्चमध्ये) घेरण्यात आलं, तेव्हा आत अडकलेल्या लोकांचा धीर टिकावा म्हणून त्यांनी सगळ्यांना स्तोत्रं आणि भजनं गायला लावली. तेव्हा मिलानमध्येच असलेल्या संत ऑगस्टिननी हे लिहून ठेवलंय. (गायकवृंदाच्या खोलीत भिंतीवर लावतात ते 'जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो' हे वाक्य मात्र त्या रूपात त्यांच्या लिखाणात सापडत नाही. त्यांनी खरंच लिहिलं ते जास्त अडचणीचं आहे: गायलेल्या शब्दांपेक्षा गाणंच मला जास्त हलवून जातं तेव्हा माझ्याकडून पाप घडतं, अशी कबुली त्यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात दिलीय. हे भिंतीवर कुणी लावत नाही.)

आता अलीकडचं. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर एक आदेश काढला. ऑपेराच्या धर्तीची गाणी मिस्सात शिरली होती, ती त्यांना बाहेर काढायची होती. त्यातच त्यांनी म्हटलं की ग्रेगोरियन गायन (एकाच सुरावटीतलं जुनं लॅटिन गायन) पुन्हा लोकांच्या तोंडी आणा, म्हणजे पूर्वीसारखे ते उपासनेत सक्रिय भाग घेतील. 'सक्रिय सहभाग' हा शब्द साठच्या दशकात आकाशातून पडला, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगतेय. त्याच आदेशात त्यांनी पियानोवर बंदी घातली आणि बायकांनाही गायकवृंदात मनाई केली. १९५५ पर्यंत हे दार किलकिलं झालं, तेही वेदीच्या परिसराबाहेर बसण्याच्या आणि पुरुषांपासून वेगळं बसण्याच्या अटीवर. तेव्हा जुने नियम जसेच्या तसे परत आणा म्हणणाऱ्यांना मी हसून विचारते की मग ऑर्गन कोण वाजवणार?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या बिशपांच्या सभेचा) उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. फादर त्याचा हवाला देत असतील आणि तुमचे गायकही देत असतील, आणि गंमत म्हणजे दोघंही ११४ व्या परिच्छेदाचाच देत असतील. त्यात पवित्र संगीताचा ठेवा अत्यंत काळजीनं जपा असं म्हटलंय, गायकवृंद जोमानं वाढवा असंही म्हटलंय, आणि लगेच पुढे म्हटलंय की उपासना गायनानं साजरी होईल तेव्हा सर्व भाविकांना त्यांचा हक्काचा भाग घेता येईल याची बिशप आणि धर्मगुरूंनी खात्री करावी. अर्धा परिच्छेद वाचून थांबणं ही आपली सगळ्यांची सवय. १९६७ च्या मार्च महिन्यातली संगीतविषयक सूचना आणखी स्पष्ट आहे: मिस्साचे सगळे बदलते आणि सगळे कायमचे भाग फक्त गायकवृंदावर सोपवायचे आणि लोकांना गाण्यातून पूर्ण वगळायचं, ही पद्धत तिनं नापसंत ठरवलीय. 'पूर्ण' या शब्दावर बोट ठेवून वाचा. काही भाग गायकवृंदानं एकट्यानं गायला तिची हरकत नाही. ऐकणं हासुद्धा सहभाग असतो, मनानं त्या गाण्याबरोबर वर जाणं असतं, हेही तीच सूचना सांगते.

म्हणून फादरांचं 'चार आवाज बंद' हे कागदाला धरून नाही. आणि तुमच्या गायकांचं 'लोक ऐकून प्रार्थना करतातच की' हे सबंध मिस्सासाठी पुरेसं नाही.

आता तुकड्यातुकड्यानं. सगळ्यात जास्त भांडण जिथं होतं तिथून सुरुवात करते, 'पवित्र, पवित्र, पवित्र' पासून. माझी मोठी चूक इथलीच. एका नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मी अठराव्या शतकातल्या धर्तीची एक लांबलचक रचना बसवली. आम्ही तीन महिने घासली होती. गायलीही झकास. पण ती सुरू असताना वेदीमागे हात जोडून धर्मगुरू उभे होते, साडेचार मिनिटं. आपण आता स्वर्गातल्या देवदूतांच्या सुरात सूर मिळवून म्हणतो, असं ते नुकतेच सगळ्या लोकांच्या वतीनं म्हणाले होते, आणि ते लोक वळून माळ्याकडे, आमच्याकडे बघत होते. वाक्य लोकांचं होतं. आम्ही त्यांच्या तोंडून काढून घेतलं होतं.

नंतर वाचल्यावर कळलं की त्या रचना वाईट नाहीत, त्या वेगळ्या विधीसाठी शिवलेल्या आहेत. जुन्या लॅटिन विधीत धर्मगुरू वेदीवरची मोठी प्रार्थना मनातल्या मनात, हळू आवाजात म्हणत. गायकवृंद तेव्हा 'सान्क्तुस' (लॅटिनमधलं 'पवित्र') गात असे, आणि दोन्ही गोष्टी समांतर चालत. गाणं इतकं लांबायचं की त्याचे दोन तुकडे केले जात: पहिला प्रतिष्ठापनेच्या (भाकर आणि द्राक्षारस पवित्र केले जातात त्या क्षणाच्या) आधी, आणि 'धन्य तो जो येतो' हा दुसरा नंतर. कुणाचा खोळंबा होत नसे. मिस्साच्या १९७० च्या ग्रंथानुसार ती प्रार्थना मोठ्यानं म्हटली जाते, आणि 'पवित्र' हा तिच्याच पोटातला भाग आहे, लोक आणि धर्मगुरूंनी मिळून म्हणायचा. तेव्हा हा भाग मी आता कधीही गायकवृंदाकडे एकट्याकडे ठेवत नाही. नाताळला नाही, पास्काला (ईस्टरला) नाही, बिशप आले तरी नाही. चार आवाज हवेत तर लोकांच्या सुरावटीखाली बाकीचे तीन आवाज घाला. वर सोप्रानोची (बायकांच्या सर्वांत उंच आवाजाची) एक वेगळी ओळ चढवा. छप्पर उडेल. पण मूळ सुरावट लोकांच्या ओळखीचीच हवी.

'महिमा गीता'चं तसं नाही. मार्गदर्शिका तिथं तिन्ही वाटा मोकळ्या ठेवते: सगळ्यांनी मिळून, लोक आणि गायकवृंद आलटून पालटून, किंवा एकट्या गायकवृंदानं. मला आलटून पालटून आवडतं, कारण शब्द बरेच आहेत आणि लोकांचा दम टिकतो. सणाला एखाद वेळी गायकवृंदाचं एकट्याचं महिमा गीत शोभून दिसतं. 'देवाच्या कोकरा'लाही गायकवृंद किंवा एक गायक सुरू करतो आणि लोक प्रतिसाद देतात अशी रचना आहेच. 'प्रभू दया कर'चं तसंच.

स्तोत्राबद्दल माझं मत जरा कडक आहे. दोन वाचनांमध्ये येतं ते स्तोत्र स्वतःच देववचन आहे. तिथं 'वेळेला बसतं' म्हणून कुठलंही भजन घालू नका. कडवी एकानं गायची, स्पष्ट, शब्द ऐकू येतील अशी. ध्रुवपद लोकांचं, आणि ते एकदा ऐकून म्हणता येईल इतकं सोपं. चर्चमध्ये नवं काही शिकवायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. फ्रेंच येशूसंघी धर्मगुरू जोसेफ जेलिनो यांनी १९५० च्या दशकात स्तोत्रांना ज्या चाली दिल्या त्या याच तत्त्वावर उभ्या आहेत: गायकाला मोकळीक आणि लोकांना एक छोटं, न विसरणारं वाक्य.

अर्पणाची वेळ गायकवृंदाची. इथं मनसोक्त गा. लोक बसलेत, थैली फिरतेय, वेदीवर तयारी चाललीय. सोळाव्या शतकातला संगीतकार पालेस्त्रिना गायचा असेल तर इथं गा. कम्युनियननंतरच्या शांततेत एखादी रचना गायली तरी चालते, पण शांतताही तितकीच चालते, आणि बहुतेक रविवारी मी शांतताच निवडते.

कम्युनियनच्या रांगेतलं गाणं हा मात्र खरा पेच. त्या वेळचं गाणं लोकांची एकी दाखवण्यासाठी असतं आणि ते धर्मगुरू ख्रिस्तप्रसाद घेतात तेव्हाच सुरू व्हायचं असतं. पण माणसं चालत असतात, कडेवर मूल असतं, हातात पुस्तक धरता येत नाही. सहा कडव्यांचं गीत इथं मरतं. एका ओळीचं ध्रुवपद आणि गायकवृंदाची कडवी, एवढंच इथं जगतं. गायकांनाही ख्रिस्तप्रसाद सहज घेता यावा याची काळजी घ्या असं मार्गदर्शिकाच म्हणते. माझ्याकडे गायक निम्मे-निम्मे खाली उतरतात. सगळ्यात शेवटी धावत उतरलेला गायकवृंद मला बघवत नाही.

आता मुद्दा असा की तुमचे लोक गप्प का झाले. 'लोकांना आवडच नाही' हे उत्तर मी दहा वर्षं देत होते. मग एकदा पाय मुरगळला, वर माळ्यावर चढता येईना, आणि मी तीन रविवार शेवटच्या बाकावर बसले. तेवढ्यात सगळं कळलं.

पहिली गोष्ट पट्टी. आमची बरीच गाणी सोप्रानोच्या सोयीची होती. सकाळी सात वाजता, घसा न उघडलेल्या माणसाला वरचा ई किंवा एफ लागत नाही. तो एक ओळ प्रयत्न करतो, आवाज फाटतो, शेजारची बाई बघते, तो पुस्तक मिटतो. लोकांची सुरावट पांढरी एकपासून (म्हणजे सीपासून) वरच्या डीपर्यंत बसवा, म्हणजे एक सप्तक आणि एक स्वर. सकाळच्या मिस्साला त्याहीपेक्षा अर्धा-एक स्वर खाली. गायक कुरकुर करतील की आवाज चमकत नाही. चमकणं हे त्यांचं इथलं काम नाही.

दुसरी गोष्ट मायक्रोफोन. ही सर्वात वाईट. वर एक गायिका मायक्रोफोन तोंडाशी धरून गात असते, स्पीकरमधून तिचा एकटीचा आवाज सगळं चर्च भरून टाकतो, आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाला वाटतं की गाणं तर होतंय, माझी काय गरज? लोकांच्या वाट्याची ओळ आली की मुख्य गायकानं मायक्रोफोनपासून एक पाऊल मागं जायचं. हात वर करायचा, श्वास दाखवायचा आणि मागं जायचं. मी हे घोटून घेतलंय. जाड गालिचे आणि गाद्याही आवाज गिळतात, मग प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू येतो आणि तो घाबरतो. गालिचा काढणं माझ्या हातात नव्हतं. मायक्रोफोन होता.

तिसरी गोष्ट नवेपणा. आपण गायक आठवड्याला दोनदा सराव करतो, त्यामुळे आपल्याला जुन्या गाण्याचा कंटाळा येतो. बाकावरचा माणूस ते गाणं महिन्यातून एकदा ऐकतो. आपण कंटाळून बदलतो तेव्हा कुठं त्याला ते यायला लागलेलं असतं. 'पवित्र' आणि मोठं आमेन यांची एकच चाल एका उपासनाकाळभर ठेवा, निदान. नवं गीत आणलं तर सलग पाच-सहा रविवार गा आणि पहिल्या रविवारी मिस्साच्या आधी पाच मिनिटं शिकवा. त्या पाच मिनिटांत भाषण करायचं नाही. ओळ गायची, परत म्हणवून घ्यायची. पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्ये सोप्या लॅटिन गायनांची एक छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली होती, त्यामागेही हाच विचार होता: थोडं, पण सगळ्यांना येणारं.

बाकीचं पटकन सांगते. एकल गायकाच्या हरकती आणि ओढूनताणून लांबवलेला ठेका लोकांना चुकवतो. ऑर्गनवर सुरुवातीचा तुकडा पुढच्या गाण्याच्याच लयीत वाजवा. दोन कडव्यांमधली जागा दर वेळी तेवढीच ठेवा, म्हणजे लोकांना श्वास कधी घ्यायचा ते कळतं. आणि पास्काआधीच्या उपवासकाळाचा फायदा घ्या. त्या काळात, चौथा रविवार आणि मोठे सण सोडले तर, वाद्य फक्त गाण्याला आधार देण्यापुरतंच वाजवायचं असतं. एखादं कडवं आधाराशिवायही गा. पहिल्यांदा भयंकर वाटतं. दुसऱ्या आठवड्यात लोकांना स्वतःचा आवाज ऐकू येतो.

आणि एक जागा अशी आहे जिथं मी लोकांकडून गाण्याची अपेक्षाच करत नाही. दफनविधीच्या मिस्साला पहिल्या बाकावरच्या माणसांना गाता येत नाही. घसा दाटलेला असतो. तिथं गायकवृंद त्यांच्या जागी गातो आणि ते ऐकतात. याला मी प्रयोग म्हणणार नाही, आणि ज्याला हे 'लोकांचा सहभाग हिरावणं' वाटतं त्यानं एकदा त्या बाकावर बसून बघावं.

आता तुमच्या दोन कामांकडे. फादरांशी बोलायला जाताना गाण्यांची यादी नेऊ नका. एक कागद घ्या, मिस्साचे सगळे गायनभाग ओळीनं लिहा, आणि प्रत्येकापुढे लिहा: लोक, गायकवृंद, की दोघं. धर्मगुरूंच्या वाट्याचे भागही लिहा, कारण ते स्वतः अभिवादन आणि प्रार्थनेची सुरुवात गातात का, हाही प्रश्न आहे. लोकांनी गावं असं वाटणाऱ्या फादरांनी आधी स्वतः दोन ओळी गाव्यात, हे मी नम्रपणे पण दर वेळी सांगते. त्या कागदावर गायकवृंदाच्या नावे तीन-चार जागा आपोआप राहतील. 'बंद करा' या शब्दापेक्षा तो कागद दोघांनाही सोपा जातो.

गायकांशी बोलणं जास्त अवघड आहे. त्यांना वाटतं की वर्षानुवर्षांची मेहनत कुणीतरी काढून घेतंय. तेव्हा पुढच्या सरावाला वर माळ्यावर बसू नका. खाली चर्चमध्ये बसा, विखरून, एका बाकावर एक, शेजारी आपल्या आवाजाचा कुणी नाही असं. मायक्रोफोन नको, ऑर्गनही नको. 'पवित्र' गा, फक्त लोकांची सुरावट, खालच्या पट्टीत. सगळ्यात पक्का बास (खालच्या आवाजाचा गायक) पहिल्याच ओळीत अडखळेल. शेजारी आधार नाही, समोर हात दाखवणारं कुणी नाही. माझ्याकडचा अडखळला आणि चिडला. मग म्हणाला, "रोज हे असंच गातात का लोक?"

त्यानंतर दोन आठवडे चार आवाजांचं काहीही गाऊ नका. तिसऱ्या रविवारी अर्पणाच्या वेळी गा, तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं.